सव्वानऊची नोंद

प्रिय ताई,

पत्र पाहून तुला नवल वाटेल. आपलं सगळं फोनवरच चालतं, आणि तिथेही तू बोलतेस, मी हं हं करतो. पण हे हं हं करून सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. आज रजा घेतली. बाबांच्या घरी, त्यांच्याच टेबलाशी बसलोय. स्वयंपाकघर आवरून झालं. कपाटातले कपडे खोक्यांत भरले. त्यांचा चष्मा कुठल्या खोक्यात घालायचा ते ठरेना, म्हणून तो अजून टेबलावरच आहे.

परवा भावोजींचा फोन आला होता. तुला सांगू नको म्हणाले, तरी सांगतो. तू रोज सकाळी आठ वाजता फोन हातात घेतेस, बाबांचा नंबर काढतेस आणि तसाच ठेवून देतेस. लेकीला म्हणालीस, माझ्या रागापायी तुझे आजोबा गेले. रविवारी भांडले नसते तर गुरुवारी नेहमीसारखा फोन केला असता, त्यांनी तो उचलला नसता, आणि वेळेवर कळलं असतं. भावोजी म्हणाले, तू समजाव तिला, तुझं ऐकेल. मी हो म्हणून बसलो. ताई, समजावणं मला जमणार नाही. जे झालं ते सांगतो. क्रमानेच सांगू दे, नाहीतर मध्येच थांबेन.

आई गेल्यावर बाबा एकटे राहणार म्हणून तू किती चिडली होतीस. तेव्हा तोडगा मीच काढला होता. ऑफिसात आमचा जो डेटाबेस आहे, त्याच्यावर लक्ष ठेवायला एक प्रोग्राम असतो. आम्ही त्याला राखणदार म्हणतो. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या स्क्रीनवर एकेक ओळ टाइप करून त्याला सांगायचं, की अमुक गोष्ट बघत राहा, मर्यादा ओलांडली की मला मेसेज कर. डिस्कवरची जागा संपत आली, डेटाची रात्रीची राखीव प्रत निघाली नाही, की माझा फोन वाजतो. तोच राखणदार मी माझ्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवला आणि शेजारी एक छोटा डेटाबेस केला. त्यात एकच तक्ता: तारीख, वेळ, मजकूर. बाबांनी रोज सकाळी इथल्या कॉम्प्युटरवरून एक ओळ टाकायची. सव्वानऊपर्यंत ओळ आली नाही, तर मला इशारा.

बाबा ऐकतील असं वाटलं नव्हतं. पण चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस, त्यांना ती काळी स्क्रीन बघताक्षणी आवडली. पहिल्या दिवशी मी सगळं बसवलं आणि राखणदार काही केल्या सुरू होईना. मी तासभर डोकं खाजवत होतो. बाबा मागे उभे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे एक जागा जास्त सुटली आहे. खरंच सुटली होती. मग खूश होऊन म्हणाले, हे यंत्र चांगलं आहे, एवढ्या-तेवढ्या चुकीलाही दारातून हाकलून देतं, तुम्हा पोरांना लहानपणी असंच कुणीतरी हवं होतं.

मी सांगितलं होतं, नुसतं 'ठीक' लिहिलं तरी चालेल. राखणदार ओळ आली की नाही एवढंच बघतो, ओळीत काय आहे ते बघत नाही. मीही बघत नव्हतो. चारशे एकतीस ओळी आल्या, ताई, आणि मी त्यांतली एकही उघडून वाचली नाही. फोन वाजला नाही म्हणजे बाबा बरे आहेत, एवढंच मला पुरत होतं.

अधूनमधून फोन वाजायचा. कधी ते फिरायला लांब जायचे, कधी परत झोप लागायची, एकदा शेजारच्यांच्या मांजराला शोधत तीन मजले चढले-उतरले. माझी साडेनऊची मीटिंग असायची. बाहेर येऊन फोन करायचो, तर म्हणायचे, अजून शेवटचं प्रूफ बाकी आहे रे, एवढ्यात छापायला नको पाठवूस. आणि ठेवून द्यायचे. पहिल्या पाच-सहा वेळा मी हसलो. नंतर हसत नव्हतो.

त्या रविवारी तुमचं भांडण झालं. तू म्हणालीस, माझ्याकडे या. ते म्हणाले, लेकीकडे चार दिवस पाहुणा म्हणून ठीक, पाचव्या दिवशी अडगळ. तू म्हणालीस, मग बसा एकटे, मी फोन करणार नाही. हे तू मला दोनदा सांगितलंस. बाबांनी मला काहीच सांगितलं नाही.

सोमवारी आम्ही ऑफिसचा सगळा डेटाबेस नव्या मशीनवर हलवत होतो. आठवडाभराचं काम होतं, साहेब पाठीशी उभे. नेमका तेव्हाच फोन वाजला. मी बाबांना फोन केला, तर ते साबण आणायला गेले होते. मी त्यांच्यावर ओरडलो. म्हणालो, बाबा, एक ओळ टाकायला एवढं काय पडतं तुम्हाला? ते म्हणाले, बरं, उद्यापासून आधी तुझी ओळ, मग साबण.

शुक्रवारी सकाळी मला खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. त्यांच्या न्हाणीघराच्या छतातून पाणी झिरपत होतं. वर बाबांचा नळ आदल्या दिवसापासून चालू होता. मी किल्ली घेऊन आलो. पुढचं तू पाहिलंस. सगळे जमले तेव्हा मामा माझ्यावर उखडले, एवढा कॉम्प्युटरवाला आणि बापाचा पत्ता नाही. तू मला विचारलंस, गुरुवारी तुझं ते यंत्र काय करत होतं? मी म्हणालो, बंद पडलं होतं ताई, वीज गेली असेल. तू मामांना म्हणालीस, त्याला नका बोलू, यंत्रच ते, त्याचा काय दोष. रडता रडता माझी बाजू घेतलीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो.

वीज गेली नव्हती. सोमवारी बाबांचा फोन ठेवल्यावर मी राखणदाराला एक ओळ टाइप केली होती, की हा इशारा गप्प कर. किती वेळ ते पुढे लिहायचं असतं. लिहिलं नाही तर आपण परत सांगेपर्यंत तो गप्प राहतो. मुदत लिहिल्याशिवाय कुठलाही इशारा गप्प करायचा नाही, हा ऑफिसातला नियम मीच केलेला आहे, नव्या मुलांना मीच शिकवतो. त्या दिवशी मी मुदत लिहिली नाही. चुकून राहिली असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण मला आठवतंय, बोट क्षणभर थांबलं होतं, आणि मनात आलं होतं, राहू दे, निदान हा आठवडा तरी शांततेत जाऊ दे.

गुरुवारी सव्वानऊला राखणदाराने त्याचं काम केलं. त्याच्या नोंदीत लिहिलं आहे: आज ओळ नाही, इशारा तयार, पाठवला नाही, आणि पुढे, गप्प कोणी केलं तिथे माझं नाव.

अजून एक राहिलं. डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितलं होतं, की सकाळी पडले असावेत, पण दुपारपर्यंत होते. हे मी कुणालाच सांगितलं नाही. माझं ऑफिस इथून वीस मिनिटांवर आहे.

बाबांच्या सगळ्या ओळी मी आता वाचल्या. 'ठीक.' 'ठीक, गुडघा सोडून.' 'आज आईच्या साडीला ऊन दिलं.' 'मुलगा कामात असतो, त्रास देऊ नये.' पूर्णविराम एकही चुकलेला नाही. बुधवारची, म्हणजे शेवटची ओळ तुझ्यासाठी जशीच्या तशी उतरवतो: 'थोरलीचा फोन नाही. तिचं बरोबर आहे, मीच जास्त बोललो. ठीक.' तुझ्यावर ते रागावलेले नव्हते, ताई. तू फोन केला नाहीस त्याला तुझ्याकडे कारण होतं, आणि ते त्यांना मान्य होतं. त्यांच्यासाठी जागं राहायचं काम तुझं नव्हतंच. ते मी मागून घेतलं होतं आणि सोमवारी टाकून दिलं. तीन महिने तू माझं ओझं वाहते आहेस आणि मी ते तुला वाहू दिलं, कारण तू माझी बाजू घेत होतीस आणि मला ते बरं वाटत होतं. सगळ्या ओळी छापून सोबत पाठवतो आहे. शेवटच्या पानावर राखणदाराची गुरुवारची नोंद आहे. भावोजींना दाखव, लेकीला दाखव, मामांनाही दाखव. माफ कर असं मी म्हणणार नाही. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, मी समजेन. फक्त उद्या आठ वाजता फोन हातात घेशील तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव.

तुझाच,
धाकटा