दाखवायची ज्वारी

१२ ऑगस्ट २००६

रिकाम्या बँकेची मॅनेजर पाहाची असन तर मले पाहा! आमच्या बंजारा तांड्यात बारावी पास मी एकटीच, म्हणून संस्थेच्या साहेबानं धान्यबँकेची किल्ली माझ्याच गळ्यात मारली. बँक म्हणजे देवळातलं एक पत्र्याचं पीप. नियम सोपा — अडीनडीले ज्वारी न्या, पीक आलं की सवाईनं परत करा. साहेब लय शहाणा, पण आमच्यापासून पार मुकुटबनपर्यंत कोणाच्या वावरात ज्वारी आहे, हे पाहाचं राहूनच गेलं त्याच्यानं. जिकडं पाहा तिकडं कापसाची पऱ्हाटी! तांड्याचा मुखिया धावजी नायक तर मागच्या साली ज्वारीच्या बदल्यात कापसाचं गाठोडं घेऊन आलता. "पांढरं सोनं हाय, ठेव पीपात." ठेवलं बापा. शिजते काय ते?

१६ ऑगस्ट

सासू आजही म्हणे, "भूक नाही." रुक्माबाईले आजकाल भूकच लागत नाही! आपली भाकर माझ्या ताटात सरकवते. "तू खाय, लेकराले पाजतेस." सासरे अन् माझा नवरा शाम आदिलाबादकडं कामाले, घरात आम्ही दोघी अन् लेकरू. तिच्या दंडावरच्या चुड्या कोपरावर उतरल्या.

मुकुटबनले फुकट पिठाच्या पिशव्या वाटून राह्यले, चाल म्हणलं. काय भडकली! "आपल्या बापजाद्यानं बैलांवर धान्य लादून मुलुख पोसला. मी रांगेत उभी राहू?" घ्या! मुलुख पोसला, आता घरात पीठ नाही. मी एकटीच गेली, पिशवी आणली. तिनं हात लावला नाही.

२३ ऑगस्ट

पोळा. नायकाच्या बैलानं पुरणपोळी खाल्ली. मान असते बैलाचा. पुढच्या जन्मी बैलच होऊन पाहू.

३० ऑगस्ट

सासू हापशीवर चक्कर येऊन पडली. शेजारच्या रुपीबाईनं धरून घरी आणली. "ऊन लागलं," म्हणे. भर पावसाळ्यात! मले रागही आला अन् रडूही. ताट आपटलं मी. म्हातारी मरन, पण ताठा सोडणार नाही. मले ती पाहिजे हो, तिचा ताठा घेऊन काय करू?

४ सप्टेंबर

साहेब आला, गाडीभर पोते घेऊन! उद्या नागपूरचे पाहुणे 'आदर्श धान्यबँक' पाहाले येऊन राह्यले. पीप रिकामं दिसलं तर इज्जत जाते नं! म्हणून पांढरकवड्याच्या दुकानातून ज्वारी उसनी आणली. पीप काठोकाठ, वरून झेंडूचा हार.

"वाटायची कवा?" मी विचारलं.

"वाटायची नाही ताई, दाखवायची आहे. उद्या संध्याकाळी परत."

अस्सं! गणपती तरी दहा दिवस राह्यते.

५ सप्टेंबर

पाहुणे आले.

फोटो झाले. भाषण झालं — "या तांड्यात आता कोणी उपाशी झोपत नाही." सासू मागं बसून ऐकत होती. उठली. मले वाटलं, पडते आता! पण नाही, सरळ पीपापाशी गेली. डोईवरची ओढणी काढून खाली पसरली — परक्या माणसांपुढं! "ममता, खोल."

साहेब डोळे वटारून पाहे. मी खोललं.

"ये रुपीबाई. या गं साऱ्याजणी. साहेबानं आणली, आपल्याचसाठी आणली." ओंजळीनं काढून जिच्या-तिच्या ओटीत टाकत गेली. पाहुण्यांले वाटलं, हाही कार्यक्रमच! टाळ्या वाजवाले लागले. साहेबाचं तोंड एरंडेल पिल्यावानी. मग काय करते? त्यानंही वाजवल्या.

पीप खरडून निघालं. आमच्या वाट्याची तिनं सगळ्यात शेवटी, त्या ओढणीत घेतली.

६ सप्टेंबर

साहेबाचा निरोप आला — बँक बंद. मी भाकरी थापत होती. भीतभीतच ताट सासूपुढं ठेवलं. तिनं खाल्ली. ताट पुढं सरकवलं. "अजून एक टाक."

बंद तर बंद!