बिल्ले माझ्या खिशात

३ मार्च
क्रशरच्या बेल्टला नवीन सिस्टिम बसवली. प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला. बिल्लेवाला जाळीच्या आत गेला की बेल्ट बंद, बाहेर आल्याशिवाय चालू होत नाही. आत कोण आहे ते कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर दिसतं. सेफ्टीबाईंनी सकाळभर समजावलं. मला लगेच कळलं, उरलेलं डोळे मिटून ऐकलं.
फोरमन मी. बेल्टला काय झालंय ते नुसत्या आवाजावर सांगतो. तरी ठरवलंय, नव्याला नावं ठेवायची नाहीत.

४ मार्च
भिकार सिस्टिम. रोलरला चिकटलेला चिखल खरवडायला कोणी आत गेला की बेल्ट बंद. अशाने खडी कधी पडायची?
जावई नुकताच माझ्या हाताखाली लागलाय. मुलगी म्हणाली, बाबा, यांच्याकडे लक्ष ठेवा हं. म्हटलं, मी असताना तुला काळजी कसली?

५ मार्च
डोकं चालवलं. आत जाणाऱ्याने बिल्ला माझ्याकडे द्यायचा. सगळे बिल्ले माझ्या शर्टाच्या खिशात. बेल्ट थांबत नाही, काम पटापट. लंबू फिटर म्हणाला, मामा, मग बिल्ला दिलाय कशाला? म्हटलं, हरवू नये म्हणून.

७ मार्च
बेल्ट उगाच बंद पडतो. मी बघायला आत गेलो की मेलेलाच. इलेक्ट्रिशियनने सगळ्या तारा तपासल्या. मी चहाला गेलो तर चालू झाला म्हणे. परत आलो, बंद! इलेक्ट्रिशियन म्हणाला, मामा, तुम्ही चहाच घेत बसा.
सिस्टिममध्ये खोट आहे. यंत्रालासुद्धा माझा धाक आहे, ही गोष्ट वेगळी.

१० मार्च, दुपारी
किरकोळ प्रकार. बेल्ट बंद ठेवून रोलर बदलणं चाललं होतं. मी कंट्रोल रूममध्ये. स्क्रीनवर 'आत कोणी नाही'. एवढा खर्च करून लावलेली स्क्रीन खोटं बोलेल? स्टार्ट दाबलं. आतून जावई ओरडला. त्यानेच कडेची लाल दोरी ओढून बेल्ट थांबवला. पाय सुटला, नुसता बूट गेला. तोही कंपनीचा.
त्याचा बिल्ला माझ्या खिशात निघाला, ते सेफ्टीबाईंना फार झोंबलं. म्हटलं, बाई, हरवला तर नाही ना?
जावई एकाच बुटावर घरी गेला. मानी आहे.

१२ मार्च
मॅनेजरसाहेबांनी स्वतः बोलावलं. चौकशी संपेपर्यंत घरी राहा म्हणाले. सीनियर माणसाला दगदग नको, एवढं त्यांना कळतं.
संध्याकाळी मुलगी आली. डोळे सुजलेले, सर्दी असणार. जावई दोन दिवस घरीच होता, उद्यापासून कामावर जाईल म्हणाली. आईशी आत काहीतरी कुजबुजली. निघताना दारात थांबली. म्हणाली, बाबा, तुम्ही घरी असलात ना, की मी निर्धास्त असते.
शेवटी पोटची पोर. बापाची किंमत तिलाच.