रबरी नळी आणि उजवा कान

गुरुवार, ६ नोव्हेंबर

डावा कान गेला. कागदोपत्री गेला! कानाच्या डॉक्टरने आज आलेखच पुढ्यात ठेवला. डावीकडची रेघ थेट दरीत. उजवीकडचीही अर्ध्यावरून घसरलेली. "बारीक, उंच आवाज दोन्हीकडून गेलेत, काका. पाखरं, शिट्टी, वाफेचा आवाज..." काका म्हणे! स्वतः पन्नाशीला टेकलेला.

चौतीस वर्षं छापखान्यात मशीनशेजारी उभा राहिलो, त्याचं हे बक्षीस.

दोन यंत्रं दिलीत. शेंगदाण्याएवढी, छोट्या डबीत. हिला काही सांगितलेलं नाही. बॅटरी बघायला जातो म्हणून गेलो होतो. डबी हत्यारांच्या पेटीत, प्लगच्या पान्याखाली लपवली. तिथे ही हात घालणार नाही. तेलकट असतं.

पण परवा शनिवार! त्याचं काय?

दर नोव्हेंबरात आमच्या क्लबाची शनिवार-रविवारची सहल. बारा जुन्या स्पोर्ट्स गाड्या, बारा म्हातारे, ज्यांना बायका अजून सहन करतात त्यांच्या बायका. शनिवारी दुपारी तळ्याकाठच्या विश्रामगृहासमोर सगळे बॉनेट उघडून रांग लावतात, आणि मी रबरी नळी घेऊन निघतो. एक टोक उजव्या कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आमच्या गाड्यांना कार्बोरेटर दोन-दोन. दोन्हींनी हवा सारखी ओढली पाहिजे, सारखंच सूंऽऽ वाजलं पाहिजे. नसेल तर स्क्रू फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. मग खालचा नट फिरवून पेट्रोल किती ते जमवायचं. एकोणीस वर्षं हे मी करतोय. म्हणून क्लबात मला डॉक्टर म्हणतात. खरा डॉक्टर आमच्यात आहे एक, दातांचा. पण तो दातवाला.

आणि ते सूंऽऽ नेमकं बारीक, उंच आवाजातलं!

यंत्र घालून नळी लावावी, तर यंत्र किंचाळतं. दवाखान्याच्या पार्किंगमध्येच करून पाहिलं. वॉचमन बघत होता. म्हणजे यंत्र तरी, नाहीतर नळी तरी.

सांगून टाकावं का? सांगितलं की संपलं. मग मी कोण? जुन्या गाडीचा एक म्हातारा मालक. असे अकरा आहेत तिथे.

नाही सांगणार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

माझी हिरवी गाडी सकाळी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गुणाची पोर! आवाज पायाच्या तळव्यांतून कळतो, बॉनेटवर हात ठेवला की कळतो. कानाची गरज लागतेच कशाला? — असं स्वतःला समजावत दीडशे किलोमीटर आलो.

ही हल्ली गाडीत फार घाबरते. बोलत नाही, पण चढ लागला की माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवते, दोनदा थापटते. उतार आला की पुन्हा. आज वैतागून म्हटलं, "अगं, पडणार नाही आपण!" हसली नुसती. पूर्वी ही अशी नव्हती. पूर्वी वळणावर "अजून जोरात" म्हणायची. वय झालं बिचारीचं.

चारला पोचलो. दातवाला आधीच हजर, निळी गाडी पुसत. पोट आणखी सुटलंय. "डॉक्टर आले! चला, आता पेशंट तपासा!" पाठीवर थाप. त्याचं पुढचं काही कळलं नाही. माझ्या डाव्या बाजूला होता तो. मी हसलो. हल्ली कळलं नाही की मी हसतो. लोकांना वाटतं, म्हातारा निवळला.

आणि पांढरी आली! एकटीच. बेकरीवाल्या वहिनी चालवत.

बेकरीवाला फेब्रुवारीत गेला. माझा सगळ्यात जुना मित्र. त्याच्या पांढरीला माझ्याशिवाय कुणाचा स्क्रू-ड्रायव्हर लागला नाही. वहिनींनी स्टीअरिंगला कधी हात लावलेला नव्हता, लावू दिला नव्हता त्याने, गाढवाने. आठ महिन्यांत शिकल्या. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी! गाडीतून उतरल्या. माझ्यासमोर, उजव्या बाजूला येऊन म्हणाल्या, "भावजी, गाडी आणली. आता तुमच्या हवाली. रविवारी मी चढ चढणार. वरपर्यंत."

रविवारी सगळ्या गाड्या चढाने वर जातात; बेकरीवाला दरवर्षी पहिला वर पोचायचा. त्याची जागा त्यांना रिकामी ठेवायची नाही. मी म्हटलं, "वहिनी, पांढरी लोण्यासारखी चालेल. माझा शब्द."

शब्द देऊन बसलो. आता काय करणार?

शनिवार, ८ नोव्हेंबर, सकाळ

नळी धुतली, पुसली, खिशात ठेवली. भूक नाही. ही म्हणाली, "अहो, दोन घास तरी खा." तिला वाटतंय मला पित्त झालंय. वाटू दे.

शनिवार, संध्याकाळ

सोंग केलं. दुपारभर.

पहिल्या चार गाड्यांना काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे काहीच नाही! नळी कानात, आणि कानात माझंच रक्त धपधपतंय. पण समोर मालक उभा, तोंडाकडे बघत. मग मी नेहमीसारखे डोळे मिटले, नेहमीसारखी मान हलवली, स्क्रू पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. होता तिथेच आणून ठेवला! मालक खूश. "वा डॉक्टर! फरक कळतो लगेच."

लाज वाटली. पण सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला लिहू?

दातवाल्याकडे एक मापक आहे. काचेच्या नळीत लाल मणी, हवेच्या ओढीने वर-खाली होतो. दोन्ही कार्बोरेटरला मणी एका रेघेवर आला की झालं. तीन वर्षांपूर्वी आणलं तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याची रेवडी उडवली होती. "मण्यावर गाड्या चालायला लागल्या तर जपमाळेवर विमान उडेल!" आज ते त्याच्या पेटीत दिसलं. हात शिवशिवला. मागितलं नाही.

मग पांढरी.

तिथे सोंग करवेना. आठ महिने वहिनीच चालवत होत्या, थोडं बिघडलं असणारच. नळी लावली, जीव ओतून ऐकलं. आणि वाटलं, आलं! पुसटसं काहीतरी आलं. मागच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त होतंय असं वाटलं. खालचा नट फिरवला. पुन्हा ऐकलं. अजून थोडा. वहिनी बाजूला उभ्या, हातात त्याची टोपी. त्याची ती चौकटीची टोपी!

"झालं, भावजी?"

"झालं, वहिनी."

झालंय ना? देव जाणे.

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपार

नाही झालं.

नऊला निघालो. वहिनी पहिल्या, त्यांच्यामागे मी, मग दातवाला, मग बाकीचे. पहिली दोन वळणं पांढरी छान गेली. टोपी घातली होती त्यांनी, मोठी होत होती, एका हाताने सावरत होत्या. ही शेजारी माझा गुडघा थापटत बसलेली. मी मनात म्हटलं, बेकरीवाल्या, बघतोयस ना?

तिसऱ्या वळणावर चढ उभाच होतो. तिथे पांढरीला गचका बसला. मग दुसरा. मग नुसती थरथर, आणि ऐन वळणात बंद! आणि मागे सरकायला लागली. सरळ आमच्यावर. एक वीत, दोन वीत... ही माझा दंड धरून ओरडली, ते मात्र मला ऐकू आलं. वहिनींनी हँडब्रेक ओढला. पांढरी थांबली. मधे हातभर अंतर उरलं होतं.

उतरून धावलो. वहिनी स्टीअरिंग घट्ट धरून बसलेल्या. "माझंच चुकलं, भावजी. मी क्लच नीट..." सारखं तेच. "मलाच जमलं नाही."

मी पेटी उघडली, प्लगचा पाना ओढला, प्लग काढला. प्लग खोटं बोलत नाही. बिस्किटासारखा तपकिरी असला तर सगळं ठीक. काळा असला तर पेट्रोल जास्त. हा पांढराफटक! पेट्रोल कमी पडून इंजिन उपाशी मेलं होतं. काल मीच उपाशी ठेवलं होतं. जे जास्त झालेलंच नव्हतं ते कमी करून.

अकरा जण भोवती. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं काही चुकलेलं नाही." पुढचं तोंडातून निघेना. खाली वाकलो, तर पाना ओढताना ती डबी बाहेर आलेली, उघडलेली. दोन शेंगदाणे डांबरावर.

एवढी बडबडी माणसं! कुणी "हे काय" म्हणूनही विचारलं नाही. दातवाला खाली वाकला, पोट सांभाळत, दोन्ही उचलली, फुंकर मारली, डबीत ठेवली, डबी माझ्या खिशात ठेवली. आणि माझी बायको म्हणाली, "बॅटरी बघायला गेला होतात ना? ह्याच का त्या?"

सगळे हसले. मीही. तेव्हा कळलं, कुणालाच धक्का बसलेला नाही.

मग तिथेच, रस्त्याकडेला, दातवाल्याकडे हात पुढे केला. "दे तुझा मणी." त्याने लगेच दिला. मणी बघून हवा जमवली, मग नट थोडा फिरवायचा, इंजिन थोडं चालवायचं, प्लग काढून रंग बघायचा. तिसऱ्या वेळी बिस्किटाचा रंग आला. पांढरीचं बॉनेट बंद केलं. वहिनी पुन्हा बसल्या. मी म्हटलं, "वहिनी, मी चालवू का?" म्हणाल्या, "का बरं?" आणि गेल्या. वरपर्यंत! पहिल्या!

रविवार, संध्याकाळ

दातवाल्याला गाठलं, तळ्याच्या पायरीवर. उजव्या कानाशी बसवलं. "कधीपासून ठाऊक आहे?"

आधी चुळबुळला. मग म्हणाला, "तीन वर्षं. म्हणून तर मणी आणला."

म्हणे दर सहलीला, शनिवारी मी खोलीत जाऊन आडवा झालो की एकेक गाडी स्वयंपाकघरामागे जाते. दातवाला मणी लावतो, पुन्हा जमवतो. तीन वर्षं! माझ्या पाठीमागे! आणि समोर "वा डॉक्टर, फरक कळतो"!

अंगाची लाही झाली. म्हटलं, "मग माझ्यापुढे बॉनेट उघडून उभं राहायचं नाटक कशाला? मूर्ख समजता का मला?"

"नाटक कसलं? अरे, तू नळी घेऊन रांगेतून फिरला नाहीस, तर तो शनिवार कसला? आम्ही काय इथे तळं बघायला येतो?" मग म्हणाला, "आणि तू जपमाळ म्हणालास तेव्हा मला फार लागलं होतं रे."

त्याची माफी मागितली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तो इतका गोंधळला की माझ्या खांद्याला धरून उठला आणि चहा आणायला गेला.

मग वाटलं, थांब! सगळ्या गाड्या मागे जातात, तर पांढरी का गेली नाही? वहिनींना कुणी सांगितलं नव्हतं का?

वहिनी व्हरांड्यात टोपी ब्रशने साफ करत होत्या. विचारलं. म्हणाल्या, "ठाऊक होतं की. काल तिघे येऊन सांगून गेले, गाडी मागे घ्या म्हणून. मी नाही नेली."

"का पण? वहिनी, जीवावर बेतलं असतं!"

"हे कधीच नेत नव्हते, भावजी. तीन वर्षं ह्यांची गाडी खडखडत वर चढायची, मी शेजारी बसायचे ना. हे म्हणायचे, एक तरी गाडी त्याच्याच हातची असू दे." आणि ब्रश खाली ठेवून, "पण पुढच्या वर्षी मणी लावा हं. मला ह्यांच्याइतकी हिंमत नाही."

मी तिथेच, व्हरांड्यात, सगळ्यांसमोर रडलो. लिहायला लाज नाही वाटत.

सोमवार, १० नोव्हेंबर

घरी. येताना यंत्रं घातली नाहीत, वाऱ्यात हरवतील म्हणून. खरं कारण ते नाही. ही काही विचारत नाही. वाटेत नेहमीसारखं गुडघ्यावर थापटत होती. नळी खुंटीला टांगली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

घातली. दोन्ही.

देवा, काय हा गोंगाट! चप्पल वाजते, वर्तमानपत्र वाजतं. हिचा आवाज इतका बारीक होता हे मी विसरलो होतो. हिला म्हटलं, चल, गाडीतून चक्कर मारू. टेकडीकडे घेतली हिरवी. चढ लागला, इंजिन कण्हायला लागलं. कान देऊन ऐकत होतो. आता खालचा गिअर मागतेय, आता. क्लच दाबणार, तेवढ्यात हिचा हात माझ्या डाव्या गुडघ्यावर. टप टप. पुढच्या चढाला पुन्हा. बरोबर त्याच क्षणी. उतारालाही. एकदासुद्धा चुकली नाही.

गाडी बाजूला घेतली. विचारलं, "कधीपासून?"

"तीन पावसाळे झाले. दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत होती बिचारी, तुम्हाला पत्ताच नाही."

म्हटलं, "आता ऐकू येतंय मला."

"येऊ दे," म्हणाली. हात तिथेच होता.