विकणारा उभा असतो ती बाजू

रविवार, ९ मार्च

"बैल विकणारा ज्या बाजूला उभा राहील, त्या बाजूनं बैल बघायचा." दादांचं, म्हणजे वडिलांचं, वाक्य. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बाजारात त्यांचं बोट धरून उभी होते. दादा बैल फारसे बघायचेच नाहीत, माणूस कुठं उभा आहे ते बघायचे.

आज अठ्ठेचाळीसाव्या वर्षी ते वाक्य कामाला आलं! जालना रोडला जुन्या गाड्यांचा एक अड्डा. विकणारा पांढऱ्या गाडीच्या डाव्या मागच्या दाराला टेकून उभा. मी वळसा घालून गेले, तोही सरकला. पुन्हा तिथंच. शेवटी म्हटलं, जरा बाजूला व्हा. दाराचा रंग बाकी गाडीपेक्षा किंचित पिवळट. चौकटीचं रबर ओढून पाहिलं, तर आत वेल्डिंगचे फोड.

"किरकोळ हात लागला होता, मॅडम."

वर मलाच — "साहेबांना घेऊन या ना. लेडीजला गाडीतलं काय समजणार!"

साहेबांना सोडून बारा वर्षं झाली. त्यांना गाडीतलं खरंच समजायचं. बाकी कशातलं नाही.

घरी येऊन हात दोनदा धुतले.

सोमवार, १० मार्च

हा खटाटोप कशासाठी ते इथं लिहून ठेवते. कंटाळा आला की वाचायला.

आईच्या उजव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन असतं. साखरेनं आतल्या पडद्याला सूज आलीय. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "तारीख चुकवू नका. गेलेली नजर मला परत आणता येत नाही." फेब्रुवारीची तारीख चुकली. मी नेहमीसारखी आदल्या दिवशी गावी जाणार होते, पण माझ्या लायब्ररीत तपासणी निघाली. आई म्हणाली, येते मी एकटी. गंगापूरहून काळीपिवळीत बसली. चौदा माणसं. तिला कोंबलेल्या गाडीत मळमळतं. उलटी झाली. ड्रायव्हरनं ढोरेगावजवळ उतरवून दिलं. बहात्तर वर्षांची, दिसतं ते अर्धं, तोंडाला पदर लावून दोन तास रस्त्याच्या कडेला बसली. कुणीतरी परतीच्या एसटीत बसवून दिलं. मला संध्याकाळी कळलं.

"आता दुसऱ्याच्या गाडीत पाय ठेवायची नाय," म्हणाली. भाड्याची गाडी करू म्हटलं. "ती काय आपली व्हय?" माझ्याकडं येऊन राहा म्हटलं. "अन् म्हशीचं कोण बघंल? डोळा गेला तर गेला. दुसरा हाय की."

दुसरा हाय की!

पुढची तारीख १ एप्रिल. गाडी त्याच्या आत हवी. माझ्याकडं दोन लाख आहेत. त्यातच विमा, टायर, सगळं. नवी येणार नाही. जुनी, पण रस्त्यात दगा न देणारी. आणि वास नसलेली.

गुरुवार, १३ मार्च

सर्जेरावला बरोबर नेलं. मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला त्याचं गॅरेज. माझी स्कूटी नऊ वर्षं तोच बघतो. माणूस हुशार. मीटरवर अडतीस हजार किलोमीटर बघून मी खूश झाले होते. त्यानं ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवायला लावला. रबर साबणाच्या चिपेसारखं गुळगुळीत. "ताई, अडतीस हजारांत एवढं झिजत नाय. लाखाच्या वर पळालीय. मीटर मागं फिरवलाय."

दुसऱ्या गाडीखाली थारोळं दिसलं. मी म्हटलं, ही गळतेय. तो हसला. "बोट लावा. वास घ्या. हे एसीचं पाणी. उन्हाळ्यात प्रत्येक गाडी ठिबकती. तेल चिकट लागतं, वास येतो." मी बोट लावलं. नुसतं पाणी.

परत येताना त्यानं धंद्याचं एक गुपित सांगितलं. "घेणाऱ्यानं काहीतरी खोट काढायचीच. काय नाय सापडलं तर गळतंय म्हणायचं. वीस-पंचवीस हजार उतरतात." मी म्हटलं, हे खोटं झालं. "तो खोटं बोलतो, आपण खोटं बोलतो. मधी कुठंतरी खरा भाव निघतो."

ऐकून शिसारी आली. चहा मात्र मीच पाजला.

रविवार, १६ मार्च

लिहितानाही नाकात तो वास आहे.

गोकुळशेठचा अड्डा. भिंतीला नव्या गाड्यांची पोस्टर्स, खाली जुन्या गाड्या न्हाऊन-माखून उभ्या. गोकुळशेठ सगळं सर्जेरावशी बोलला. माझ्याकडं एकदाच वळला — "मॅडमला कलर कुठला पसंत?" चंदेरी गाडी दाखवली. "एकदम मख्खन! डॉक्टरची गाडी. फक्त दवाखाना ते घर." (प्रत्येक अड्ड्यावर एक तरी डॉक्टरची गाडी असते. डॉक्टर फार गाड्या विकतात.) दार उघडलं तर मोगऱ्याचं अत्तर अंगावर आलं. त्या अत्तराच्या खाली दुसरंच काही. ओलं पोतं कुजल्यासारखं. मी पायाखालची जाजमं उचलली. कोपऱ्यात मऊ, राखाडी गाळ. बोटानं खरवडला. सीटच्या पट्टीच्या खाचेतही गाळ. त्यात लहान मुलीची केसांची पिन चिकटलेली.

ही गाडी पुरात बुडाली होती. आत कुणी होतं का तेव्हा?

सर्जेरावकडं बघितलं. तो बॉनेटमध्ये डोकं घालून, "इंजिन ओके हाय, ताई. एवढं चालतंय. पाडव्याला भाव चढंल, आताच घ्या."

मी विचार करते म्हणाले आणि निघाले. फाटकापर्यंत आल्यावर पाण्याची बाटली राहिली म्हणून मागं वळले. गोकुळशेठचा आवाज — "पाडव्याच्या आत बसव बाईला. तुझं तुला पोचंल." आणि सर्जेराव — "बाई वास लई घेती, शेठ. दोन दिस उन्हात ठेवा."

दोघं हसले.

बाटली तिथंच सोडली.

नऊ वर्षं! दिवाळीला त्याच्या घरी करंज्या दिल्या मी. रागापेक्षा किळस वाटतेय. त्याची, आणि हसून "विचार करते" म्हणणाऱ्या माझ्या तोंडाचीही. त्या गाडीत मी आईला बसवणार होते.

सोमवार, १७ मार्च

श्रेयाचा पुण्याहून फोन. सगळं सांगितलं. कार्टी म्हणते, "आई, गाडीच्या रबराच्या आतपर्यंत बघतेस. बाबांना बघायला गेलीस तेव्हा एवढं बघितलं असतंस तर?"

म्हटलं, तेव्हा तुझ्या आजोबांचं वाक्य आठवलं नाही.

"बाबा कुठल्या बाजूला उभे होते?"

"त्यांच्या आईच्या मागं."

बऱ्याच दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

बुधवार, १९ मार्च

आणखी तीन अड्डे. तीन अत्तरं. किळस.

रविवार, २३ मार्च

लायब्ररीत येणाऱ्या एका बाईंनी खुलताबादचा पत्ता दिला होता. एकटीच गेले. कडूबा गुरुजी, शाळेतून निवृत्त, गावाबाहेर पेरूची बाग. लाल गाडी अंगणात, चिंचेखाली. धूळ तशीच. न्हाऊ-माखू घातलेली नाही. बघूनच बरं वाटलं.

गुरुजींनी चावी माझ्या हातात दिली आणि ते पार लांब ओट्यावर जाऊन बसले. "बघा तुम्ही. मी मधे लुडबुडत नाही." मग तिथूनच ओरडून सांगायला लागले — "बंपर मीच गोठ्याला घासलाय! उजवी काच वर जाताना अडकते! स्टेपनीचं टायर जुनं आहे!" मला दादांची आठवण झाली. हा माणूस कुठल्याच बाजूला उभा नव्हता.

का विकताय, विचारलं. "समोरून एक गाडी आली की मला दोन दिसतात. आता दोन्हीतल्या कुठल्या गाडीला चुकवायचं?" त्यांच्या पत्नी, गोजरबाई, चहा घेऊन आल्या. "ह्यांच्या डोळ्यांपेक्षा गाडीचे दिवे बरे हायेत!" म्हणाल्या. गुरुजीच सगळ्यात मोठ्यानं हसले.

गाडी घाटातून फिरवून आणली. गुरुजी शेजारी. एसी लावला. गिअर लोण्यासारखे. आत कसलाही वास नाही, मागच्या सीटवर पेरू ठेवायचे त्याचा थोडासा. आईला चालेल. चालेल काय, आवडेल.

अंगणात उतरलो. गुरुजींची किंमत एक लाख ऐंशी. खरं तर रास्त. मी म्हटलं, खाली तेल गळतंय बघा, गुरुजी.

ते आले. वाकले. चष्मा वर केला, खाली केला. गुडघ्यावर हात टेकून बराच वेळ बघत राहिले. "मला काही दिसत नाही, ताई. पण तुम्ही म्हणता तर असेल."

मी दीड म्हटलं.

ते उभे राहिले. धोतराचा सोगा झटकला. "गळकी गाडी मी कुणालाच देणार नाही. तुम्ही आईला घेऊन जाणार. रस्त्यात बंद पडली म्हणजे? आधी गॅरेजला दाखवतो, मग बघू."

दीडला नाही, ऐंशीलाही नाही! मी पुष्कळ म्हटलं, मी बघून घेईन. ऐकेनात.

झालं. मिळालेली गाडी गेली. एसटीत येताना त्यांचाच राग येत होता. इतकं सरळ असावं का माणसानं!

मंगळवार, २५ मार्च

गोकुळशेठचा फोन. "मॅडम, पाडव्याला उचला. दहा हजार कमी करतो. वास पूर्ण गेलाय."

नाही म्हणाले नाही. सात दिवस उरलेत.

आईचा फोन. "मिळाली का गं?"

"बघतेय."

"नको करू एवढं. परवा शेजारच्या पोरीला हाक मारली, तर ती पोरगी नव्हती, दोरीवरचं लुगडं होतं." हसली. मग म्हणाली, "वास नसू दे फक्त."

शुक्रवार, २८ मार्च

गुरुजींचा फोन आला. आवाजात उत्साह. "ताई, गाडी झाली बरं का! चार दिवस गॅरेजला होती. तेलाचं सील गेलं होतं म्हणे. चार हजार आठशे घेतले. आता एक थेंब नाही, गोजरनं रात्रभर खाली पुठ्ठा टाकून बघितलं. तुमच्यामुळं कळलं हो. नाहीतर कुणाच्या तरी गळ्यात खोट बांधून मोकळा झालो असतो या वयात. आता तुम्ही म्हणालात तीच किंमत. दीड. पाडव्याला घेऊन जा. गोजर नारळ आणून ठेवतेय."

मी बरं म्हणाले. आभारही मानले.

सील गेलं होतं म्हणे! गॅरेजवाल्यानं डोळ्यांनी अधू म्हाताऱ्याला लुबाडलं. याला दिसत नाही हे बघितलं आणि लुबाडलं. सगळे एकाच माळेचे मणी. सर्जेराव, गोकुळशेठ, हा. माणसांची किळस यावी इतकी —

सील गेलं नव्हतं हे मला कसं माहीत, ते आज लिहीत नाही.



शनिवार, २९ मार्च

तेल नव्हतंच. एसीचं पाणी होतं. गुरुजी वाकण्याआधी मी बोट लावून वास घेतला होता. नुसतं पाणी. आणि ते वाकले तेव्हा त्यांनी बोट लावून बघू नये म्हणून मी त्या ओलीवर चप्पल ठेवून उभी होते.

दादा, ती बाजू.

आईच्या डोळ्यासाठी केलं, असं सकाळपासून सात-आठदा म्हणून बघितलं. दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही, त्याचा फायदा घेऊन केलं, हे त्यातून वजा होत नाही.

गप्प बसले तर उद्या पाडव्याला गाडी माझ्या दारात. नारळ फुटेल, गोजरबाई हळदकुंकू वाहतील, मंगळवारी आई वेळेत दवाखान्यात. कुणालाही कधी कळणार नाही. बोलले तर मंगळवारी माझ्याकडं काहीच नाही. फक्त गोकुळशेठचा नंबर.

उद्या पहिल्या एसटीनं जाते. आधी सगळं सांगायचं. बोट, वास, चप्पल, सगळं. मग एक लाख ऐंशी आणि गॅरेजचे पैसे ओट्यावर ठेवायचे. मग विचारायचं.

नाही म्हणतील. दादांनीही नाहीच म्हटलं असतं. तरी विचारणार — गुरुजी, एवढं ऐकूनही गाडी मला द्याल का?