एका बाटलीवर अख्खा वर्ग

प्रिय ठमे,

फोनवर आपण दोघं एकमेकांना बोलू देत नाही आणि शेवटी तुझी आई फोनच काढून घेते, म्हणून हे पत्र. ‘बाबांचं सुरू झालं’ म्हणून मधेच ठेवून देऊ नकोस. इकडे सगळं छान आहे. आईचा गुडघा बरा आहे. गच्चीतल्या कुंड्यांना मी पाणी घालतो आणि जास्त घातलं म्हणून बोलणी खातो. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्याचं हे फळ!

विद्यापीठाने ‘पर्यावरणमूल्ये’ हा सक्तीचा विषय शिकवायचं काम तुझ्या गळ्यात मारलं, तेव्हापासून माझी कुरकुर चालू आहे. नदीचं पाणी कसं तपासायचं ते शिकवा की! पण नदीवर प्रेम करा, वर्गात उभं राहून तशी शपथ घ्या आणि त्याचे गुण मिळवा, हा काय प्रकार? गुण मिळतात म्हटल्यावर मुलं कशावरही प्रेम करतील. बुधवारी तूही वैतागून म्हणालीस, की पोरांची मनं तपासायला मी नोकरी धरली नाही, सोमवारी विभागप्रमुखांना सांगते आणि सोडून देते. मी लगेच म्हणालो, शाब्बास, सोड.

मग मला राहवेना. गुरुवारी तुला न विचारता वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसलो. कपाळाला आठ्या घातल्यास, पण हाकललं नाहीस. दाराशी वर्गप्रतिनिधी उभी. स्टीलची बाटली दाखवेल त्याला एक गुण, असा वरून आलेला नियम. आत आलेला प्रत्येक मुलगा तीच बाटली मागच्या खिडकीतून व्हरांड्यातल्या पुढच्याला देत होता. अगं, एका बाटलीवर अख्खा वर्ग पास! खिडकी माझ्या शेजारी, त्यामुळे दोन-तीनदा मीच हात लांब करून ती पोचवली. शेवटी माझ्याच हातून ठणकन पडली आणि तू वळून पाहिलंस.

मला वाटलं, आता प्रवचन. तू मात्र हसलीस, बाटली टेबलावर ठेवलीस आणि विचारलंस, ही प्लॅस्टिकपेक्षा चांगली कशावरून? मग काय विचारतेस! एकाने लोखंडाच्या खाणींचा विषय काढला, दुसऱ्याने भट्ट्यांच्या धुराचा. जिची बाटली होती तीच पोरगी म्हणाली, की घरी अशा ढीगभर पडल्यात, सगळ्या समारंभात फुकट वाटलेल्या, मग वाचवलं काय? तू तिला गप्प केलं नाहीस, तिच्या हातात खडू दिलास. तास संपला तरी कोणी उठेना. माझे डोळे भरून आले. फार अभिमान वाटला गं तुझा.

माझं मत तसूभरही बदललेलं नाही. मूल्यं वाटत फिरणं हे विद्यापीठाचं काम नव्हे. पण तू गेलीस तर तिथे शपथा घोकून घेणारा कोणीतरी येईल आणि बाटली खिडकीतून फिरत राहील. तेव्हा माझं ते ‘सोड’ मागे घेतो. सोमवारी सांग, की शिकवीन, पण प्रेमाचे गुण देणार नाही. त्यावर त्यांनी काढलं तर काढलं, घर आहेच. आणि हो, काल मी कार्यालयात जाऊन बाहेरचा विद्यार्थी म्हणून तुझ्या विषयाला नाव घातलंय. शपथेला उभा राहणार नाही, बाटलीही आणणार नाही. मला खुशाल नापास कर. पण त्यासाठी तुला वर्गावर यावं लागेल.

तुझाच, शेवटच्या बाकावरचा,
बाबा