डाळिंबीभातातलं मीठ

सिंधू,

तू नळावर गेलीस म्हणून लिहून ठेवतोय. मी दवाखान्यात निघालो. तुझ्या आईने डाळिंबीभात मागितलाय. फडक्यात बांधलेल्या वालांना मोड आलेत. कोमट पाण्यात टाकून सोल, घाईत दाणे मोडू नकोस. काळा मसाला ती घालते तेवढाच घाल. आणि मीठ घाल. दिवाळीपासून बिचारी अळणी जेवतेय, पण काल डॉक्टरांनी पथ्य सोडलं. म्हणाले, आता काय मागतील ते द्या. शेजारी हे बोलू नकोस, बायका पेढे मागतील.

डबा नाथाकाकांबरोबर पाठव. तू आज येऊ नकोस. पहिल्याच घासाला ती विचारेल, "मीठ कसं? बरी झाले का मी?" खोटं बोलायला मी आहे. तुला ते जमायचं नाही.

अण्णा