मागच्या दाराची काच

अहो,

गाडीला हात लावू नका. गुंडा मिस्त्रीनं मागच्या काचेची मोटर काढली, पाचर ठोकून काच घट्ट बसवली, तरी मेढ्याच्या घाटात त्याच वळणावर ती परत खाली आली. मी गाडी पुन्हा नेली, तर त्याचाच चेहरा उतरला. "वैनी, मोटर माझ्यापाशी हाय, मग काच कोण उतरवतंय?"

तुमच्या आई त्याच वळणावर, मागच्या सीटवर गेल्या. "काच उघड रं, जीव गुदमरतोय," म्हणत होत्या. एसी लावलाय म्हणून तुम्ही उघडली नाहीत.

मी एसटीनं माहेरी, आटपाडीला जाते. भाकरी झाकून ठेवलीय.

काच उघडीच राहू द्या. मी बाहेरून वर ढकलत होते, तर रिकाम्या गाडीतून कुणीतरी ती खाली ओढत होतं.

रेश्मा